तिसरी तार

माझ्या खोलीत काही वर्षे एक भुंगा राहत होता. तो कधी कोणाला दिसला नाही. पण गिटारची वायर यंत्राला जोडली आणि कानांवर हेडफोन चढवला, की त्याची भुणभुण सुरू होई. मी वाजवू लागलो की तो सुरांच्या मागे दडे. सूर थांबले की पुन्हा पुढे येई. वाजवलेले ध्वनिमुद्रित करून ऐकावे, तर प्रत्येक विरामात तोच भरून राहिलेला असे. त्या भुंग्याला घालवण्यासाठी मी काय काय केले आणि शेवटी तो कोठे सापडला, त्याची ही हकिगत आहे.

आम्ही भिलाईचे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्गच्या शेजारी हे शहर वाढत गेले. देशभरातून माणसे कामाला आली. माझे वडील १९७१ साली भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आले. ज्या कारखान्याने देशाच्या रेल्वेला रूळ पुरवले, त्याच्या विद्युत देखभालीच्या कामात त्यांची जवळजवळ चाळीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर त्यांनी शहरातच लहानसे घर बांधले. दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, दाराच्या आत मराठी, असे आमचे आयुष्य. आईने माहेराहून भांडीकुंडी फारशी आणली नव्हती. पण जात्यावरच्या ओव्या मात्र भरपूर आणल्या होत्या. भिलाईत जाते नव्हते. तरी तांदूळ निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना ती त्या गुणगुणत असे.

मी दुर्गमधील एका कार्यालयात हिशेबनिसाचे काम करतो. पहिल्या पगारातून गिटार घेतली, ती विजेवर चालणारी. या गिटारचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण असतो. तिच्या तारांखाली चुंबकावर गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवलेले असते, त्याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार हलली, की त्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो वाढवायचा, हवा तसा बदलायचा आणि मग ऐकायचा. हा बदल घडवण्यासाठी वादक आपल्या पायाशी छोट्या धातूच्या पेट्या ठेवतात. त्यांना पेडल म्हणतात, कारण त्यांचे बटण पायाने दाबायचे असते. एक पेडल आवाज खरखरीत करते, एक त्याचे प्रतिध्वनी उमटवते, तर एक लहान खोलीत वाजवलेल्या सुराला मोठ्या सभागृहाचे घुमणे देते.

यातल्या खरखरीत आवाजाची जन्मकथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाच्या एका गीताचे ध्वनिमुद्रण चालू होते. ध्वनिमिश्रणाच्या यंत्रातील एका भागात बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारी बास गिटारचा आवाज फाटून बाहेर पडला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ साली ते गीत गाजले. तो फाटका आवाज अनेकांना हवासा वाटू लागला. तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तसा आवाज मुद्दाम काढणारे मंडल तयार केले आणि १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने ते पेडलच्या रूपात बाजारात आले. बिघाडातूनही काही सुंदर निघू शकते, हे वाचून मला धीर आला. माझा भुंगा मात्र त्या जातीचा नव्हता. त्याच्यातून काहीच निघत नव्हते.

मी उपाय सुरू केले. पहिला उपाय म्हणजे नवे पेडल. वादक थांबला की आवाजाची वाट बंद करणारे, म्हणजे दारावर रखवालदार बसवावा तसे ते होते. त्याने विरामातली भुणभुण गेली. पण मी वाजवू लागलो की दार उघडे आणि सुराबरोबर भुंगाही आत येई. शिवाय हळूहळू विरत जाणाऱ्या सुराचे शेपूट तो रखवालदार मध्येच तोडून टाकी. मग महागडी वायर घेतली. मग गिटार आणि लॅपटॉप यांना जोडणारे यंत्र, ज्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, तेही बदलले. दर वेळी दुकानदार मला सांगत, की हे घेऊन बघा. त्यांचा काही दोष नव्हता. रोगाचे नाव ठाऊक नसताना मी औषध मागत होतो. माझी बचत संपत आली आणि भुंगा होता तेथेच राहिला.

बाबा हे सारे पाहत होते. पण न विचारता सल्ला देण्याची त्यांना सवय नव्हती. मीही कधी विचारले नाही. मोठमोठ्या यंत्रांजवळ आयुष्य घालवलेल्या माणसाला या नाजूक वाद्यांतले काय कळणार, असे मला मनातून वाटत होते. हे लिहिताना लाज वाटते. पण तसे वाटत होते हे खरे आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरात आईच्या गळ्याला गाठ असल्याचे कळले. थायरॉइडची शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की स्वरयंत्राला जाणाऱ्या नसा त्या ग्रंथीला अगदी लागून असतात. सर्व काळजी घेतली तरी काही रुग्णांच्या आवाजात फरक पडतो. आईने मान हलवली. घरी आल्यावर तिने एवढेच विचारले, "तुझ्या त्या यंत्रात माझ्या ओव्या राहतील का रे?"

शस्त्रक्रियेला पंधरा दिवस होते. मी एका मित्राकडून चांगला माइक मागून आणला, खोली आवरली, आईने फरशी पुसून घेतली. ती अनवाणीच माइकसमोर बसली. मी हेडफोन लावला, तर भुंगा हजर! आईच्या आवाजामागे तो सतत भुणभुणत होता. मी काही बोलणार, एवढ्यात माइक जवळ ओढण्यासाठी आईने हात लावला आणि झटकन मागे घेतला. "याला मुंग्या येतात," ती म्हणाली. मला ते थट्टेचे वाटले. मी स्वतः माइकला बोट लावले. बोटातून बारीकशी झिणझिणी सरकत गेली.

बाबा दारातच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "आधी सगळे बंद कर."

"बाबा, हे संगीताचे यंत्र आहे. यात..."

"वीज तीच आहे ना?" ते म्हणाले.

त्या संध्याकाळी बाबांनी मला एक वही आणायला लावली. तिच्यात तीन रकाने आखायला सांगितले: काय बदलले, आवाज कसा आहे, झिणझिणी आहे की नाही. त्यांचा नियम एकच होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर तो कशामुळे गेला हे कळत नाही; म्हणजे तो परत येणार. दुसरी गोष्ट, जोडणी शक्य तितकी लहान करायची. साखळीत दहा कड्या असतील, तर दोनच ठेवून पाहायचे. त्या ठीक असल्या, की तिसरी जोडायची.

आम्ही सर्व पेडल काढून टाकली आणि गिटार थेट इंटरफेसला जोडली. भुंगा होता. वायर बदलली. भुंगा होता. म्हणजे पेडल निर्दोष होती आणि जुनी वायरही निर्दोष होती. मी दोघांनाही उगाच दोष दिला होता. मग बाबांनी विचारले, "हा लॅपटॉप विजेशिवाय चालतो का?" चालतो, मी म्हणालो, त्यात बॅटरी असते. "मग त्याचा चार्जर काढ."

मी चार्जर काढला आणि हेडफोनमधला भुंगा एकदम नाहीसा झाला. माइकला हात लावला; झिणझिणी नाही. मला अत्यानंद झाला. "चार्जर खराब आहे! नवा घेतो," मी म्हणालो.

"थांब," बाबा म्हणाले. "अजून ठरलेले नाही."

तोच चार्जर त्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या जोडणीत लावायला सांगितला. लॅपटॉप, इंटरफेस, माइक सारे तेथे नेले. आवाज स्वच्छ होता. झिणझिणी नव्हती. चार्जरही निर्दोष ठरला. आता उरला तो माझ्या खोलीतला एक्स्टेंशन बोर्ड.

बाबांनी त्याची वायर भिंतीतून काढली, पेचकसाने मागची पाटी उघडली आणि बोर्ड माझ्यासमोर धरला. समोरून पाहता त्याला तीन छिद्रांच्या जोडण्या होत्या. मागून मात्र दोनच तारा आल्या होत्या. वरच्या मोठ्या छिद्रामागचा पितळी तुकडा कोरा होता. छिद्र तिसरे होते; तार नव्हती.

"कोणी केला हा?" बाबांनी विचारले.

महाविद्यालयात असताना मीच केला होता. घरात दोनपदरी वायरचा तुकडा पडून होता. तीनपदरी विकत घ्यावी लागली असती. दिवा लागला, पंखा फिरला, म्हणजे बोर्ड चालतो, असे मला वाटले होते. मी तसे सांगितले. बाबा रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "यावर कधी इस्त्री लावली होती का?"

लावली होती. कितीतरी वर्षे आई त्याच बोर्डावर इस्त्री लावून कपडे करत होती.

मग बाबांनी मला जे सांगितले, ते प्रत्येकाला माहीत असायला हवे. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची असते. फेजच्या तारेतून ती येते, न्यूट्रलच्या तारेतून परत जाते आणि सर्व कामे या दोघांतच उरकतात. तिसरी तार अर्थिंगची, म्हणजे जमिनीला जोडलेली. ती रोज काहीच काम करत नाही, म्हणून ती अनेकांना अनावश्यक वाटते. पण ज्या दिवशी आतले वेष्टन झिजते आणि फेजची तार यंत्राच्या धातूच्या अंगाला टेकते, त्या दिवशी ती सारी वीज जमिनीत नेते. त्यामुळे फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. ती तार नसेल, तर जमिनीकडे जाण्यासाठी विजेला माणसाच्या शरीराचाच रस्ता उरतो. तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन जाड आणि लांब असते, ती यासाठीच. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी.

माझ्या चार्जरच्या आतून अतिशय थोडी वीज अर्थिंगच्या तारेकडे सतत पाझरत असते. ती चार्जरच्या रचनेतलीच गोष्ट आहे. पण माझ्या बोर्डात ती वाट बंद असल्यामुळे तीच वीज लॅपटॉपच्या, इंटरफेसच्या आणि माइकच्या धातूत साठून राहत होती. वीज सेकंदाला ५० वेळा आंदोलने करते. तीच आंदोलने मला भुंगा म्हणून ऐकू येत होती आणि आईच्या ओल्या तळव्यांतून जमिनीकडे जाण्याचा मार्ग शोधत होती. त्या दिवशी ती झिणझिणी होती. एखाद्या वस्तूचे वेष्टन तुटले असते, तर ती झिणझिणी राहिली नसती. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वॉन्झी येथे लेस हार्वी नावाचा तरुण गिटारवादक कार्यक्रम चालू असताना रंगमंचावरच मरण पावला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. मी हे पुढे वाचले तेव्हा आईचा मागे घेतलेला हात मला आठवला.

ज्याला मी सुरांतला दोष समजत होतो, तो खरे तर इशारा होता. मी मात्र त्याच्यावर रखवालदार बसवून त्याचे तोंड बंद करू पाहत होतो.

बाबांनी बोर्ड टाकू दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपेल्याच्या बाजारातून तीनपदरी वायर आणली, हिरवी तार तिसऱ्या छिद्रामागे घट्ट आवळली आणि भिंतीतली अर्थिंगही दिव्याने तपासून घेतली. हे काम जाणकार माणसानेच करावे, असे त्यांनी मला दोनदा बजावले. वायरच्या त्या तुकड्याची किंमत माझ्या सर्वांत स्वस्त पेडलच्या मानाने काहीच नव्हती.

थोडीशी भुणभुण गिटारमध्ये अजूनही उरली होती. मी खुर्चीत वळलो की ती कमी होई, पुन्हा वळलो की वाढे. बाबांनी वहीत ते लिहायला लावले. ही माझ्या गिटारच्या पिकअपची जात होती. एका वेटोळ्याचा पिकअप आसपासच्या तारांतल्या विजेचे चुंबकीय आंदोलन टिपतोच. यावर १९५५ साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी उपाय शोधला होता. उलट जोडलेली दोन वेटोळी शेजारी बसवली, की तारांचा सूर टिकतो आणि बाहेरची भुणभुण परस्परांत मिटते. पण तो दोष आता मला ठाऊक होता, आणि ठाऊक असलेल्या दोषाबरोबर राहता येते. मी ट्यूबलाइटपासून दूर, खिडकीकडे तोंड करून बसू लागलो.

त्या वहीमुळे उपकरणे निवडण्याची माझी रीतही बदलली. मित्राचा माइक कंडेन्सर जातीचा होता. तो अतिशय संवेदनशील असतो आणि इंटरफेसकडून मिळणाऱ्या ४८ व्होल्टच्या विजेवर चालतो. शांत स्टुडिओत तो उत्तम. आमच्या घरात मात्र तो शेजारच्या कुकरची शिट्टी आणि भाजीवाल्याची हाक आईच्या ओवीइतक्याच आदराने टिपून घेई. त्याऐवजी साधा डायनॅमिक माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला, तेव्हा आईचा आवाज जवळ आला आणि गल्ली दूर गेली. महाग तेच चांगले असे नसते. आपल्या खोलीला जे शोभते ते चांगले. उघड्या भिंतींवरून आवाज परतू नये म्हणून आम्ही दोरीवर रजया टांगल्या. मुद्रणासाठी संगणकावर 'ऑडॅसिटी' होते. २००० सालापासून ते विनामूल्य मिळते. आवाजाची पातळी दाखवणारी रेघ लाल खुणेपर्यंत जाऊ द्यायची नाही, एवढे पथ्य मी पाळले. कारण हळू मुद्रित झालेला आवाज वाढवता येतो, पण फाटलेला सांधता येत नाही.

डिसेंबरातली ती दुपार होती. थंडीमुळे पंखा किंवा कूलर नव्हता. आईने माइकला आधी भीतभीत बोट लावून पाहिले, मग हसली. डोळे मिटून ती गाऊ लागली. ओव्या संपत आल्या असे वाटे आणि आणखी एक आठवे. दोन दिवसांत एकतीस ओव्या झाल्या.

रात्री मी त्यांतल्या एका ओवीला सभागृहाचा घुमार चढवला आणि तिला ऐकवली. मला ते फार भव्य वाटले होते. आई म्हणाली, "ही मी नाही. विहिरीत बसून कोणीतरी गाते आहे." मग तिने तीजनबाईंची आठवण काढली. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई आमच्या भिलाईजवळच्या गनियारी गावच्या. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आईने त्यांना रंगमंचावर पाहिले होते. हातात फक्त एक तंबुरा; तोच कधी भीमाची गदा होई, तर कधी अर्जुनाचे धनुष्य. "तिला कुठे काय चढवावे लागले?" आई म्हणाली. मी घुमार काढून टाकला. सूर जसा होता तसाच ठेवला.

शस्त्रक्रिया चांगली झाली. आईचा आवाज परत यायला काही महिने लागले, आणि आला तो पूर्ण आला नाही. बोलताना फरक जाणवत नाही. वरचे सूर मात्र आता लागत नाहीत. जात्यावरच्या ओव्यांचे मोल कितीतरी अभ्यासकांनी ओळखले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आमच्या एकतीस ओव्या त्या सागरापुढे ओंजळभरही नाहीत. पण भंडाऱ्याहून भिलाईला आलेल्या एका बाईच्या गळ्यातल्या त्या आहेत, आणि तिचे वरचे सूर आता तेवढ्याच ठिकाणी आहेत.

परवा आईने त्या पुन्हा ऐकल्या. शेवटच्या ओवीनंतर तिने हेडफोन काढला आणि कपाळाला हात लावला. एका ओवीत ती आपल्या थोरल्या भावाचे नाव घ्यायचे विसरली होती. "आता माझा आवाज खालचा आहे," ती म्हणाली, "पण तेवढी एक पुन्हा घेतोस का?"

बाबा उठले, बोर्डाची वायर भिंतीत घातली आणि माइकला आधी स्वतः हात लावून पाहिला. मग त्यांनी मला खूण केली.